दांडीवरचा हार

भाईंदरमध्ये मी स्टीलमध्ये काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "भांडी का? होलसेल?" त्याचं काही चुकत नाही. आमच्याकडे स्टील म्हणजे डबे, ताटं, तांबे. पूर्वेच्या गाळ्यांमध्ये पत्रा लाटतात, कापतात, पॉलिश करतात आणि टेम्पो भरून रवाना करतात. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, तिथल्याच एका रोलिंग मिलमध्ये आयुष्यभर भट्टीवर होते. लाल झालेली पोलादाची पाटी चिमट्याने ओढायची आणि रुळांच्या तोंडात द्यायची, हे त्यांचं काम. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत केस नाहीत. चौथी शिकलेत. मी धातुशास्त्रातली इंजिनियर आहे, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

माझं काम मात्र डब्यांचं नाही. काशीगावाजवळ, हायवेच्या अंगाला, एका औद्योगिक इमारतीच्या तळमजल्यावर धातू तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा आहे. तिथे आम्ही लोखंड ओढून, वाकवून, ठोकून बघतो. अगदी मागे काचेच्या दाराची एक एसी खोली आहे आणि तिच्यात तीन मशिन आहेत, जी काहीच करत नाहीत. निदान बघणाऱ्याला तसं वाटतं.

प्रत्येक मशिनमध्ये एक उभी, नळीसारखी भट्टी. भट्टीत पेन्सिलीएवढा पोलादाचा तुकडा, सहाशे अंशांवर. वर तराजूसारखी लांब दांडी. दांडीचं आखूड टोक त्या तुकड्याला बांधलेलं, लांब टोकाला वजनांचं पारडं. पारड्यात एक किलो ठेवलं की तुकड्याला दहा किलोची ओढ बसते. एवढंच. तुकडा तापत राहतो, ओढला जात राहतो, आणि रोज इतका थोडा लांबतो की डोळ्याला कळायचं नाही. तो किती लांबला हे रोज टिपायचं. असं महिनोन्महिने.

हे कशासाठी, ते सांगते. सूर्याच्या पोटात जे चालतं ते जमिनीवर करून त्यातून वीज काढायची, अशा भट्ट्या जगभरचे लोक उभारू बघतायत. आतला वायू इतका तापतो की त्याला कुठल्याच भांड्यात ठेवता येत नाही, चुंबकांनी अधांतरी धरून ठेवावा लागतो. तो भिंतीला शिवत नाही, पण त्यातून सुटणारे न्यूट्रॉन शिवतात, रात्रंदिवस. त्या भिंतीमागचं पोलाद तापूनही ताणलं जायला नको. शिवाय त्या माऱ्याने ते पिढ्यान्पिढ्या किरणोत्सारी होऊन बसायला नको. म्हणून नेहमीच्या पोलादातलं मॉलिब्डेनम काढून टंगस्टन घालतात, निओबियमच्या जागी टँटलम. मग तापवायचं, थंड करायचं, पुन्हा बेताने तापवायचं, असं की त्याच्या पोटात रव्याहून कितीतरी बारीक कण तयार व्हावेत आणि त्या कणांनी पोलादाला सरकू देऊ नये. कण जितके बारीक आणि सारखे पसरलेले, तितकं पोलाद तापात टिकतं.

एका सरकारी संशोधन संस्थेने अशी एक नवी कृती बसवली होती. आधीच्या पोलादापेक्षा जास्त ताप सहन करेल असं त्यांना वाटत होतं. त्यातले दोन तुकडे आमच्या वाट्याला आले. एक मशिनवर चढवायचा, एक राखीव. वर्षभर ओढून त्याचं वागणं टिपायचं. वर्ष भरलं की अहवाल जाणार, अहवाल चांगला आला तर त्या कृतीचा मोठा घाणा ओतणार. आणि अहवालाखाली तपासणाऱ्याची सही असणार. माझी. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्यांचे अहवाल टाइप करत आले होते.

मी मुळात बसून राहणारी बाई नाही. भाजी निवडतानासुद्धा मी उभी असते. आणि देवाने, म्हणजे आमच्या सरांनी, मला काम दिलं ते बघत बसण्याचं. भट्टीचा ताप दोन-तीन अंश इकडेतिकडे झाला की माझ्या फोनवर घंटी वाजते. लग्नात वाजली आहे, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत वाजली आहे. वीज गेली की इन्व्हर्टर, मग जनरेटर, तरी माझा जीव टांगलेला. हायवेवरून मोठा कंटेनर गेला की मी हातातलं काम सोडून पारड्याकडे बघते, हललं का.

आमचे टेक्निशियन तारोडीचे, समुद्रकाठच्या ख्रिस्ती कोळ्यांपैकी. घरी मासेमारी, हे एकटे नोकरीला लागले. साठीला आलेत, मी त्यांना अंकल म्हणते, ते मला बाय म्हणतात. माझी घालमेल बघून एकदा म्हणाले, "बाय, आमच्याकडे बोंबील पण टांगून ठेवतात, पण त्याच्या तोंडाकडे बघत कोण बसत न्हाय."

आणि आप्पा! मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा त्यांना हसूच आवरेना.

"किती म्हणालीस? सहाशे? आगं, सहाशेला आम्ही भट्टी इझली म्हणायचो."

"तुमची पाटी भट्टीत किती वेळ असायची, आप्पा?"

"धा मिनटं. पंधरा."

"माझी वर्षभर आहे."

त्यांचं हसू थांबलं. "वरीसभर? आन् तू काय करतीस वरीसभर?"

"बघते."

"पगार देत्यात त्याचा?"

आई आतून म्हणाली, "तुम्हाला बघायचा दिला असता तर दुसऱ्या दिवशी पळून आला असता."

पण तेव्हापासून रोज संध्याकाळी घरात शिरले की ते टीव्हीवरची नजर न काढता विचारायचे, "तुटला का?" मी म्हणायची, नाही. ते म्हणायचे, "बरं." एवढंच आमचं बोलणं. पण रोज.

दसरा आला तेव्हा त्या तुकड्याला दहा महिने झाले होते.

दसऱ्याला आमच्याकडे मशिनं बंद ठेवतात, पुसतात, तेलपाणी करतात, हळदकुंकू लावतात, हार घालतात. मिलमध्ये असो की प्रयोगशाळेत, यात फरक नाही. फक्त मागच्या खोलीतली मशिनं चालूच राहतात. त्यांची पूजा होत नाही. दारावर पट्टी लावून खोलीला कुलूप घालायचं, हा आमचा रिवाज. सर दरवर्षी सगळ्यांच्या घरच्यांनाही बोलावतात. त्या वर्षी मी पहिल्यांदा आप्पांना नेलं.

त्यांनी सकाळीच स्टेशनजवळच्या फुलवाल्याकडून झेंडूचा हार आणला होता. भाईंदर पश्चिमेपासून काशीगावापर्यंत रिक्षात तो हार आमच्या दोघांच्या मध्ये एखाद्या तिसऱ्या माणसासारखा बसला होता. जाडजूड, मधे आपट्याची पानं, आणि फुलवाल्याने नुकतंच पाणी मारल्यामुळे टपटपणारा. माझी नवी साडी एका बाजूने भिजली. मी म्हटलं, "सर आणतात ना हार, आप्पा." ते म्हणाले, "त्यांचा त्यांच्या मशिनला."

मी त्यांना मागची खोली दाखवली. आत नेऊन, दांडी दाखवून, पारडं दाखवून सगळं सांगितलं. मिलमधला माणूस, त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून ऐकलं. तेवढ्यात बाहेर आरती सुरू झाली आणि सरांच्या बायकोने मला ताट धरायला हाक मारली. मी गेले. आप्पा मागून येतात असं मी धरून चालले. कुलूप लावायचं राहिलं.

आरती झाली, पेढे झाले. आप्पा सरांशी पोलादाबद्दल बोलत होते, सर हसत होते. मला केवढं बरं वाटत होतं! दुपारी सगळे गेले. दार ओढलं की लागतं, ते ओढलेलं होतं, म्हणून मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी. रोजची नोंद करायला त्या दिवशी अंकलची पाळी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले आणि दारातच थांबले. माझ्या मशिनच्या दांडीच्या लांब टोकाला, बरोब्बर पारडं जिथे लटकतं तिथे, तो हार होता. सुकलेला, काठाला काळपट पडलेला. वजनांवर हळदकुंकवाची बोटं. पुढे जमिनीवर एक पेढा, मुंग्या लागलेला.

मला रडू आलं नाही. मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. पहिला विचार आला, ओढून काढावा. मग कळलं, ओढला की पारडं हलणार. मी हाताने खालून आधार देत, श्वास रोखून तो उचलला आणि तसाच तोलकाट्यावर ठेवला. दोनशे अडुसष्ट ग्रॅम.

मग अंकलना गाठलं.

"काल तुम्ही हार बघितला नाही?"

"बघितला ना."

"मग काढला का नाही?"

"बाय, तुमची पूजा हाय. तुझी मशिन, मला वाटला तूच घातला. दुसऱ्याच्या देवाला मी हात कसा लावू?" मग म्हणाले, "दारात पाय पण वाजू दिला न्हाय मी. नोंद केली आणि मागे मागे बाहेर आलो."

तीस वर्षं चर्चमध्ये मेणबत्त्या लावणारा माणूस माझ्या बापाच्या देवाचा मान ठेवून उलट्या पावलांनी बाहेर आला होता.

मी सरांकडे गेले. हातात हार घेऊनच. सर गुजराती, पण भाईंदरला जन्मलेले, मराठी आमच्यासारखीच बोलतात. त्यांनी चष्मा वर केला.

"पारड्यात किती आहे बेटा?"

"बत्तीस किलो."

"आणि नियम? शंभरात एक?"

"हो. म्हणजे तीनशेवीस ग्रॅम. त्याच्यापेक्षा जास्त फरक चालत नाही."

"आणि हा किती भरला?"

"दोनशे अडुसष्ट."

सर खुर्चीत मागे रेलले. "मग झालं की! नियमात आहे. लिहून टाक, सणाच्या दिवशी चुकून हार पडला, वजन इतकं. जे मोजलं ते लिही. खोटं थोडंच लिहितोय आपण?"

खोटं नव्हतंच ते. मी होकार देऊन जागेवर येऊन बसले, नोंदवही उघडली, पेनाचं टोपण काढलं. आणि बसवेना. मशिन स्वतः तासातासाला काढतं तो आलेख उघडला. दहा महिने ती रेघ सुतासारखी चालली होती. दसऱ्याच्या दुपारपासून ती किंचित उठली होती. सरांना दाखवली तर म्हणाले, "मला तर सरळच दिसतेय." कागद डोळ्यांशी तिरपा धरला की दिसायची. सुरुवातीला जास्त उठलेली, मग बसत आलेली. का बसत आली असेल, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. विचारायचं नव्हतं.

त्या दिवशी मी चार वेळा चहाला उठले. दुपारी जेवणाचा डबा न उघडताच हायवेच्या कडेने चालत सुटले, परत आले, पुन्हा वही उघडली. दोनशे अडुसष्ट. किती साधा आकडा! संध्याकाळी रिक्षा न करता अर्धा रस्ता चालले आणि मग पाय दुखले म्हणून रिक्षा केली, तरी रिक्षात पण पाय हलतच होता. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, जल्दी है क्या?" मी म्हटलं, नहीं.

घरात शिरले. टीव्ही चालू.

"तुटला का?"

"आप्पा, हार तुम्ही घातलात."

त्यांनी टीव्ही बंद केला. चेहऱ्यावर लपवाछपवी काही नव्हती, उलट खूश होते. "मग? सगळ्या मशिनला हार, आन् तुझीच मशिन उघडी? परक्यासारखी मागं उभी. मला बघवंना. बटणाला हात न्हाई लावला हां मी. निस्तं टोकाला अडकावला. फुलांचं दोन सर जास्तीचं करून घेतलं हुतं, खास."

"त्या दांडीने त्याचं दहापट होतं. पावणेतीन किलोची जास्तीची ओढ बसली असेल तुकड्याला."

"फुलानं?" ते हसले. "फुलानं पोलाद ताणतंय व्हय? मग कसलं तुझं पोलाद!"

मी स्वयंपाकघरातून वरणाची पळी आणली, मधे बोट घालून तोलून धरली, दांड्याच्या टोकावर त्यांचा चष्मा ठेवला. पळी कलंडली. आई ओरडली, "अगं फरशीवर सांडेल!" आप्पांनी चष्मा उचलून घेतला आणि पळी स्वतःच्या बोटावर तोलून बघितली. ताजव्याचं गणित त्यांना सांगावं लागत नाही.

"किती भरला हार?" त्यांनी विचारलं.

"दोनशे अडुसष्ट. चालतो. तीनशेवीसपर्यंत चालतो."

मला वाटलं, सुटलो. मी पाणी प्यायला वळले. मागून त्यांचा आवाज आला, अगदी सहज.

"पर तवा तो वला हुता की. तुझी साडी भिजली न्हाई का? हिरीतून काढल्यागत हुता. आता काय, वाळून कागद झाला असंल."

हे मला दिवसभर माहीत होतं. मी सोडून ते बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून मी गप्प होते. आता ते माझ्या घरात, मोठ्याने बोललं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पिशवीतून घरी आणलेल्या सुकलेल्या हाराची फुलं मोजली. एकशे चौदा. आपट्याची पानं बावीस. दोऱ्याची लांबी घेतली. मग आप्पांना घेऊन त्याच फुलवाल्याकडे गेले. त्याने आप्पांना लगेच ओळखलं. "अरे चाचा! डबल वाला हार? फिर से? किसकी शादी है?" मी त्याला एकशे चौदा फुलं मोजून घालायला लावली. तो आधी हसला, मग वैतागला, मग मोजताना चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. "दसऱ्याला मारलं होतंस तेवढंच पाणी मार," म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि पाण्याचा मग भरला.

आठच्या आत आम्ही प्रयोगशाळेत होतो. ताजा हार चारशे बारा भरला. तीन मशिनांपैकी एक रिकामं होतं. त्याच्या दांडीवर मी तो हार लटकवला आणि दर तासाला काढून वजन करायचं ठरवलं. अंकल दारात उभे होते. आत येऊन म्हणाले, "बाय, असा न्हाय चालणार."

"का?"

"तुझ्या मशिनला एसीचा वारा समोरनं लागतो. हिला पाठीतनं. वाऱ्याकडं तोंड असला का दुपारपर्यंत वाळतो, न्हायतर संध्याकाळ करतो. बोंबलाचा पण असाच हाय. ज्या बाजूचा वारा, त्या बाजूनी काठी बांधायची." त्यांनी खुर्चीवर चढून तळहात एसीसमोर धरला, मग माझ्या मशिनपाशी धरला, मग रिकाम्या मशिनपाशी, आणि मान हलवली. आम्ही तिघांनी रिकामं मशिन इंच इंच सरकवून त्याच वाऱ्यात आणलं. तेवढ्याने अंकलचं समाधान झालं नाही. हाराची जाड बाजू कुठे होती ते त्यांना आठवत होतं, ती त्यांनी तशीच वळवली. या वेळी हात लावायला त्यांनी मागेपुढे बघितलं नाही. पूजा नव्हती ना.

वजनं लिहायचं काम आप्पांनी मागून घेतलं. मी दुसऱ्या कामात होते, आणि खरं सांगायचं तर मला त्या आकड्यांसमोर बसवत नव्हतं. मिलमध्ये ते दर तासाच्या पाट्या भिंतीवर खडूने लिहायचे. तसेच त्यांनी रेघांच्या कागदावर लिहिले, मोठे, मराठी आकडे, एकाखाली एक. मी येताजाता बघायची. चारशेच्या खाली आला. तीनशे ऐंशी. जेवणानंतर तीनशे साठच्या आसपास. मी मनातल्या मनात त्या फुलांना घाई करत होते. वाळा की! सर दोनदा दारात येऊन गेले.

पाच वाजता तीनशे बेचाळीस. सहाला तीनशे एकतीस. सातला आप्पांनी हार काट्यावर ठेवला, चष्मा नीट केला, आणि मला हाक मारली. तीनशे अठरा.

अकरा तास. दसऱ्याच्या दिवशी अकरा तास माझ्या तुकड्यावर नियमापेक्षा जास्त ओढ होती. दुसऱ्या दिवशी सबंध वेळ तो हार तसाच ठेवला, आणि पहिला जितके तास लटकला होता तितके भरल्यावर तो दोनशे एकाहत्तर भरला. पहिल्याहून तीन ग्रॅम जास्त. याच्यापुढे माझ्याकडे शंकेला जागा नव्हती. मी शोधली, नव्हती.

मी विचलनाची नोंद लिहिली. खोलीला कुलूप मी लावलं नव्हतं, हे पहिल्या ओळीत. हार पाहुण्यांनी घातला. सापडला तेव्हाचं वजन हे, घातला तेव्हाचं अंदाजे हे, मर्यादेबाहेर अकरा तास, सोबत तक्ता. सरांनी ती उभ्याउभ्या वाचली. मग बसून वाचली.

"ही चाचणी बाद होईल बेटा. दहा महिने."

"माहितीये."

"पुन्हा आपल्याला काम देतील की नाही ते पण माहीत नाही."

"हो."

"हा दुसरा हार मला विचारून आणला असतास तर मी आणूच दिला नसता," ते म्हणाले, आणि सही केली. त्यांची सही नेहमीपेक्षा लहान आली होती.

चार दिवस काही आलं नाही. त्या चार दिवसांत मी घरातली सगळी कपाटं आवरली. आई म्हणाली, "आता शेजारच्यांची पण आवर." पाचव्या दिवशी संस्थेतून फोन आला. बोलणाऱ्या बाई त्या पोलादाच्या गटातल्या होत्या.

"हार म्हणजे, फुलांचा हार?"

"हो मॅडम. झेंडूचा. दोन सर जास्तीचा."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "सापडला तेव्हाचं वजन तर मर्यादेत होतं. तेवढंच कळवलं असतंत तर आम्ही काही विचारलं नसतं."

"पण मॅडम, तो तक्ता तीन माणसांनी दोन दिवस खपून केलाय. तो कसा टाकून देणार?"

त्या हसल्या की खोकल्या ते कळलं नाही. मग कामाचं बोलल्या. चढवलेल्या तुकड्याचे आकडे त्यांच्या मुख्य नोंदीत घेता येणार नाहीत. तो काढायचा नाही, तुटेपर्यंत चालू द्यायचा, बघू काय होतं. राखीव तुकडा नव्याने चढवायचा. वर्ष पहिल्यापासून. अहवाल त्याचा.

"आणि एक," त्या म्हणाल्या, "तक्त्यावर निरीक्षकाची सही नाही. आकडे कोणी घेतलेत? अक्षर तुमचं वाटत नाही."

"माझ्या वडिलांनी."

"मग त्यांची सही घ्या. पूर्ण नाव, तारीख. नाहीतर तो तक्ता फाइलला लागणार नाही."

त्या संध्याकाळी आप्पांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर सात-आठ वेळा सही करून बघितली. पगाराच्या कागदाशिवाय त्यांनी फारशा सह्या केलेल्या नाहीत. आई म्हणाली, "तुमच्या नावावर काय लिहून घेतायत ते तरी वाचा आधी." त्यांनी खरंच वाचलं, बोट ठेवून, एकेक आकडा, वरून खालपर्यंत. मग विचारलं, "ह्ये त्या सूर्याच्या भट्टीवाल्यांकडं जाणार?"

"हो."

"माझ्या हारामुळं तुझी सही ऱ्हायली."

"एक वर्ष राहिली."

"आन् माझी आधी झाली." त्यांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं आणि सही केली. शेवटच्या अक्षराला ओढ जरा जास्त दिली.

आता माझी दोन मशिनं चालू आहेत. एकात राखीव तुकडा, ज्याच्यावर माझा अहवाल यायचाय. दुसऱ्यात तो पहिला, ज्याचा आता कोणी अहवाल मागत नाही. खोलीच्या कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात असते, आंघोळीलाही. फोनची घंटी अजून तशीच वाजते, आता दोन भट्ट्यांची. सकाळी कुलूप उघडताना मी आधी पहिल्या मशिनकडे बघते, पारडं खाली आलंय का. वर्ष ओलांडून गेलंय त्याचं, अजून आलं नाही. याचा मला आनंद होतो की धास्ती वाटते, हे मी अजून ठरवलेलं नाही.

घरात शिरले की आप्पा विचारतात, "तुटला का?" मी विचारते, "कुठला?"

"हाराचा."

"नाही."

ते टीव्हीचा आवाज वाढवतात. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "दुसऱ्याचं काय?"